पेटीनं घेतलं का?

पुढील निवेदन शक्य असल्यास उभं राहून वाचावं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, मोरिवली गावाला खेटून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, एकोणीसशे नव्वदच्या आसपास, एका यंत्राने माझ्या आजोबांची चौकशी केली. आजोबांना जाऊन तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती. देशाच्या औद्योगिक इतिहासात या घटनेची कुठेही नोंद नाही. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी आता माझ्या एकट्याच्या खांद्यावर आहे आणि माझे खांदे मजबूत आहेत. बसा आता.

यंत्राचं नाव पेटी. ते तयार करणारा माणूस म्हणजे आमचे डिझाइनचे साहेब. कारखान्यात त्यांना सगळे तपासनीस म्हणत, त्यांच्यामागेही आणि तोंडावरही, कारण त्यांना ते नाव आवडायचं. बुटके, गोरे, कानांवर केस, आणि पँटच्या उजव्या खिशात कायम शिंप्याचा टेप. हा टेप कापड मोजण्यासाठी नव्हता. तो माणसं मोजण्यासाठी होता.

आमचा कारखाना कंट्रोल पॅनेल बनवायचा. म्हणजे कपाटाएवढा लोखंडी डबा, त्याच्या दारावर बटणं, दिवे, मीटर आणि पाट्या. आत तारांचं जंजाळ असतं, पण त्याच्याशी आपल्याला आज कर्तव्य नाही. बाहेरचा चेहरा महत्त्वाचा. आठ तास उभा असलेला कामगार त्या चेहऱ्याकडे बघून यंत्राशी बोलतो. कुठलं बटण कुठे, कुठल्या रंगाचं, त्याच्यावर काय लिहायचं, जमिनीपासून किती उंच, हे ठरवणं आमच्या डिझाइन विभागाचं काम. आणि आम्ही ठरवलेलं बरोबर आहे की नाही हे ठरवायचं काम पेटीचं.

पेटी पूर्वी खरोखरच पेटी होती. चहाच्या खोक्याच्या फळ्यांची, आत पोस्टकार्डांएवढे पुठ्ठे. प्रत्येक पॅनेलच्या चेहऱ्याची सगळी माहिती एकेका पुठ्ठ्यावर. साहेब पुठ्ठा हातात घेऊन प्रश्न विचारत, उत्तरं पटली तर पेटीत टाकत, नाही पटली तर परत. मी तिथे लागलो तोपर्यंत शेठने ऑफिसच्या पत्रांसाठी कॉम्प्युटर घेतला होता. शेठ उल्हासनगरचे सिंधी, कॉम्प्युटरही उल्हासनगरमध्येच जुळवलेला, आणि त्याला झाकण असं नव्हतंच. साहेबांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उल्हासनगरच्या एका क्लासला नाव घातलं, अकरावीच्या मुलामुलींबरोबर पहिल्या बाकावर बसले, आणि सहा महिन्यांत अख्खी पेटी त्या कॉम्प्युटरमध्ये नेऊन ठेवली. फळ्यांच्या पेटीत मग सुलभाताई आपला डबा ठेवायच्या. सुलभाताई म्हणजे आमच्या ट्रेसर, ड्रॉइंगच्या शाईत नकला काढणाऱ्या. त्यांची जीभ त्यांच्या ड्रॉइंगच्या पेनाहून टोकदार होती.

काम असं चालायचं. आपण पॅनेलचा आराखडा करायचा आणि काळ्या पडद्यासमोर बसून एकेक बटण पेटीला सांगायचं. हे काय, कुठे, कशासाठी. पेटी रोमन अक्षरांत मराठी विचारायची, आणि तिचं मराठी साहेबांसारखंच तुटक असायचं. दाबलं तर काय होईल? नाही दाबलं तर काय होईल? चुकून कोपर लागलं तर काय होईल? दोन पाट्यांवर एकच शब्द आला की ती अडायची. लाल दिव्याशेजारी लाल बटण आलं की अडायची. सगळ्यात बुटक्या माणसाच्या कोपराच्या वर सगळ्यात महत्त्वाचं बटण गेलं तर अडायचीच. अडली की कुकरच्या शिट्टीसारखा लांब आवाज काढायची आणि पडद्यावर लिहायची: नाही. कारण वाचा. सगळं पटलं तर बिनआवाज एकच शब्द: ठेवलं.

शिट्टी अख्ख्या शेडमध्ये ऐकू जायची. वेल्डिंगवाले काम थांबवून वर बघायचे. कोणी जेवायला चाललेला असला तरी खिडकीत तोंड घालून विचारायचा, काय, पेटीनं घेतलं का? आमच्याकडे लग्न ठरलं, पोरगं पास झालं, रॉकेल मिळालं, या सगळ्याला 'पेटीनं घेतलं' असंच म्हणायची पद्धत पडली होती.

साहेब राहायचे अंबरनाथ पूर्वेला. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो प्रसंग सांगितलाच पाहिजे. वीज गेलेली होती. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, ही बघा, ही चण्याची डाळ. मी म्हटलं, उपास वगैरे आहे का. त्यांनी माझं बोट धरून बटणांच्या फळीवर टेकवलं. पंख्याच्या बटणावर चण्याची डाळ चिकटवलेली, दिव्याच्या बटणावर राजमा, गीझरच्या बटणावर अख्खी सुपारी. अंधारात किंवा साबणाच्या हाताने बटण शोधताना चूक होऊ नये म्हणून. वहिनींना या व्यवस्थेविषयी काय वाटतं असं मी विचारलं, तर त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, मला काही वाटत नाही, फक्त गेल्या महिन्यात उंदराने पंखा खाल्ला.

आणि तो टेप. माझ्या लग्नात, बदलापूरला कात्रपच्या हॉलमध्ये, अक्षता पडून दहा मिनिटं झाली नाहीत तोच साहेब स्टेजवर आले. आहेराचं पाकीट माझ्या हातात दिलं, आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, जरा हात असा वाकवा. सासऱ्यांना वाटलं काहीतरी विधी राहिला असेल. त्यांनी निमूट हात वाकवला. साहेबांनी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला, आकडा खिशातल्या वहीत लिहिला, आणि मान हलवत जेवायला गेले. सासरे पुढे कित्येक वर्षं मला विचारायचे की माझा आकडा किती आला होता, आणि चांगला होता ना. त्या वहीत साडेसातशेवर कोपरं होती. अंबरनाथमधला प्रत्येक फिटर, प्रत्येक हमाल, पोस्टमन, आणि आता माझे सासरे.

त्यांचं एक वाक्य फार प्रसिद्ध होतं. कुठल्याही कारखान्यातून तक्रार आली की तिथला इंजिनिअर लिहायचा, ऑपरेटरची चूक. साहेब लाल पेनने ते शब्द खोडायचे. म्हणायचे, माणूस चुकला असं लिहायचं नाही. माणसाने आपल्या पॅनेलला जे विचारलं त्याचं उत्तर पॅनेलने चुकीचं दिलं, असं लिहा.

आता आजोबा.

पेटीच्या प्रश्नांत एक प्रश्न असा होता: हे कोणाला विचारलं? उत्तरात ज्याच्यासाठी पॅनेल चाललंय त्या कारखान्यातल्या, प्रत्यक्ष ते यंत्र चालवणाऱ्या माणसाचं नाव द्यायचं. मुख्य इंजिनिअरचं नाव दिलं तर शिट्टी. मालकाचं दिलं तर जास्तच लांब शिट्टी. माझं पहिलं स्वतंत्र पॅनेल होतं. कडक ऊन होतं. ज्याच्यासाठी पॅनेल होतं तो कारखाना वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि माझी सायकल पंक्चर. मी विचार केला, पेटीला काय कळतंय. बोटं आपोआप चालली आणि मी आमच्या आजोबांचं पूर्ण नाव टाईप केलं. पडद्यावर आलं: ठेवलं.

मी शेडमधून हिरोसारखा चालत गेलो. वेल्डिंगवाल्यांनी हात वर केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. आदल्या संध्याकाळी ते स्वतः त्या कारखान्यात जाऊन आले होते. म्हणाले, तुम्ही ज्यांना विचारलंत ते गृहस्थ तिथे कोणालाच माहीत नाहीत. कुठल्या पाळीला असतात?

मी म्हटलं, ते आता नसतात.

नोकरी सोडली?

मी म्हटलं, तसंच काहीसं.

कुठे भेटतील?

सुलभाताई मान खाली घालून रेघ मारत होत्या. त्यांची रेघ थरथरायला लागली होती. मी म्हटलं, साहेब, ते वारले. साहेबांनी चष्मा काढला, अरेरे म्हणाले, कधी असं विचारलं. मी तिसरीत असताना, असं मी सांगितलं. सुलभाताई ड्रॉइंगबोर्डखाली पेन शोधायला गेल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

साहेब रागावले नाहीत. ते रागावायचेच नाहीत, ही त्यांची सगळ्यात त्रासदायक सवय होती. त्यांनी मला स्वतःची सायकल दिली, जा म्हणाले, आणि मी उन्हातून जाऊन खऱ्या ऑपरेटरला भेटून आलो. त्या माणसाने मला दोन मिनिटांत सांगितलं की माझी दोन बटणं उलटी आहेत. परत येईपर्यंत पेटीत नवा प्रश्न बसला होता. 'हे कोणाला विचारलं?' याच्या लगेच खाली: तो माणूस हयात आहे का?

त्यापुढच्या कित्येक वर्षांत आमच्या कारखान्यात लागलेल्या प्रत्येक नव्या मुलाला हा प्रश्न पडद्यावर वाचून धक्का बसायचा, आणि कोणीतरी त्याला बोटाने मला दाखवायचं. पेटीतला प्रत्येक प्रश्न असाच आलेला होता. कोपराचा प्रश्न एका फिटरच्या नावाचा, एका शब्दाच्या दोन पाट्यांचा सुलभाताईंच्या नावाचा. म्हणजे ती पेटी आमच्या सगळ्यांच्या पापांची यादीच होती, आणि आम्हाला तिचा अभिमान होता.

अभिमान नव्हता तो एकाच माणसाला. नवे मॅनेजर. हे मुंबईहून आले होते, उन्हाळ्यातही टाय लावायचे. पेटीमुळे प्रत्येक पॅनेलला चार-पाच दिवस जास्त लागतात हे त्यांनी पहिल्या आठवड्यात हुडकून काढलं. ते खरंही होतं. शेठना त्यांनी समजावलं की जगात कुठलाही कारखाना यंत्राला विचारून यंत्र बनवत नाही. शेठना हे वाक्य आवडलं, पण साहेब जुने, त्यामुळे शेठ काही बोलले नाहीत.

मग त्या मोठ्या रासायनिक कारखान्याची ऑर्डर आली. आठ पॅनेलं. त्यांची ढवळणीची आठ मोठी पिंपं होती. आमचं पॅनेल त्या पिंपांचा कारभार सांभाळणार. पहिलं पॅनेल आम्ही जीव ओतून केलं. पेटीने एकोणीस वेळा शिट्टी मारली, विसाव्या वेळी घेतलं. 'कोणाला विचारलं' मध्ये बाळारामदादाचं नाव होतं. बाळारामदादा मोरिवलीचा, घरची शेती वसाहतीत गेलेला, तीस वर्षं पिंपं ढवळत असलेला माणूस. हयात होता. पॅनेल श्रावणात बसलं, छान चाललं. उरलेली सात आमच्या शेडमध्ये रंग लावून उभी होती.

आणि मग नवरात्र संपत आलं.

खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्यात काय होतं हे कोणाला सांगायला नको. यंत्रं पुसायची, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, हार घालायचा. बाळारामदादाने पॅनेल पुसलं. हार हातात घेतला आणि तो अडकवायला जागा बघायला लागला. पॅनेलचा चेहरा सपाट. त्यावर पुढे आलेली वस्तू एकच: अळंबीच्या टोपीसारखं मोठं लाल बटण. संकटात सगळं बंद करायचं बटण. ते सगळ्यात पुढे असलंच पाहिजे, हाताला पहिलं लागलंच पाहिजे, हा पेटीचाच नियम. बाळारामदादाने हार त्याच्यावर घातला, आणि पंख्याच्या वाऱ्याने पडू नये म्हणून दोरा बटणाच्या मानेला चांगला तीन वेळा गुंडाळला.

तिसऱ्या दिवशी पिंपातला फेस वर चढायला लागला. बाळारामदादाने लाल बटण दाबलं. ते आत गेलंच नाही. टोपीखालच्या फटीत दोरा, देठं आणि सुकलेली झेंडूची फुलं घट्ट बसलेली. त्याने तळहाताने दाबलं, मुठीने ठोकलं, आणि मग शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाऊन मुख्य खटका ओढला. तोपर्यंत फेस बाहेर आला होता. माणसाला काही झालं नाही. बाळारामदादाच्या चपला जमिनीला चिकटून राहिल्या आणि त्या नंतर खरवडून काढाव्या लागल्या, एवढंच. पण त्या कारखान्याच्या मुख्य इंजिनिअरचा निरोप आला: आठ दिवसांत उपाय दाखवा, नाहीतर सातही पॅनेलं रद्द. आणि हेच पॅनेल तुमच्या त्या प्रसिद्ध पेटीने पास केलं होतं ना, अशी शेवटी ओळ.

मॅनेजरांनी ती ओळ शेठना दोनदा वाचून दाखवली. मग शेठनी साहेबांना बोलावलं. केबिनचं दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळे आपापल्या जागी अत्यंत शांतपणे काम करत होतो. शेठचा आवाज पडलेला होता. म्हणाले, "साईं, सात पॅनेल कॅन्सल हुआ, तो पेटी बंद. कॉम्प्युटर पे चिठ्ठी टाईप होगी, और आप स्टोअर सम्हालो. मेरा भी मन नहीं है."

साहेब म्हणाले, ठीक आहे. तो हार कुठे आहे?

तो हार ते स्वतः जाऊन घेऊन आले. डब्याच्या पिशवीतून काढून माझ्या ड्रॉइंगबोर्डवर ठेवला, चिमट्याने दोरा उलगडला, तीन वेढे मोजले. मग पेटी उघडून त्या पॅनेलची सगळी उत्तरं पहिल्यापासून वाचली. प्रत्येक उत्तर खरं होतं. मॅनेजर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चूक कामगाराची आहे, तसं लिहून द्या, आणि प्रत्येक पॅनेलवर तीन भाषांत पाटी लावा की पॅनेलला हार घालू नये. त्यांनी ती पाटी रंगवायला दिलीसुद्धा होती.

साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "पाटी लावली की हार पाटीला घालतील."

सुलभाताई म्हणाल्या, कुंकूही लावतील.

मग साहेब माझ्याकडे वळले. मी त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं असेल. स्टोअरच्या अंधाऱ्या खोलीत जायची वेळ आठ दिवसांवर आलेली, आणि हा माणूस लग्नघरातल्या यजमानासारखा हात चोळत होता. म्हणाले, "अहो, मी बाळारामला चार वेळा विचारलं. चारही वेळा कामाच्या दिवशी विचारलं. सणाला तुम्ही काय करता, हे मी आयुष्यात कोणालाही विचारलेलं नाही." आणि पेटीच्या यादीत त्यांनी नवा प्रश्न घातला, शेजारी ज्याच्यामुळे प्रश्न आला त्याचं नाव म्हणून पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं. प्रश्न होता: हार कुठे?

पण नुसता प्रश्न घालून साहेब थांबणारे नव्हते. हार कुठे हे ठरवायचं तर हार केवढा हे माहीत पाहिजे. आमची साप्ताहिक सुटी शुक्रवारी, कारण शुक्रवारी वसाहतीत वीज नसायची. त्या शुक्रवारी ते मला घेऊन अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात गेले आणि एका हारवाल्या बाईंच्या पुढ्यात टेप काढून उभे राहिले. एकेक हार उचलून मोजायला लागले. बाईंनी थोडा वेळ पाहिलं, मग विचारलं, नवरदेव केवढाय?

साहेब गंभीरपणे म्हणाले, साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद.

बाईंचे हात थांबले. काय करतो?

उभा असतो, साहेब म्हणाले. लोखंडाचा आहे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि हळूच विचारलं, मुलीला सांगितलंय ना?

त्या दिवशी अकरा हार मोजले गेले. शनिवार ते मंगळवार साहेब वसाहतीत फिरले. बारा कारखान्यांत, बारा ऑपरेटरांना एकच प्रश्न: सणाला काय करता? कोणी मीटरच्या कडेला हार लावत होता, कोणी कुलपाला, एकाने तर चालू-बंदच्या खटक्याला लावलेला, आणि हाराच्या ओझ्याने खटका खाली आला की यंत्र आपोआप सुरू व्हायचं. त्याला वाटायचं, देवी प्रसन्न झाली. कुंकू बहुतेक जण दिव्यांच्या काचांवरच लावायचे, कारण दिव्याला पूजेचा मान. म्हणजे अर्धी वसाहत हिरवा दिवा लाल समजून चालत होती, हे साहेबांनी मला इतक्या आनंदाने सांगितलं की जणू त्यांना खजिना सापडला होता.

मग त्यांनी सातांपैकी एक पॅनेल बदललं. बटणांना हात लावला नाही. वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे वीतभर कपाळ सोडलं. कपाळाच्या दोन टोकांना हुकासारखे दोन पितळी आकडे, अशा अंतरावर की बाजारातला सगळ्यात लांब हारसुद्धा तोरणासारखा वरच राहील, खालच्या दिव्यांवर येणार नाही. मधोमध तळहाताएवढी कोरी पितळी पट्टी. त्यावर काहीही लिहिलेलं नाही. मी विचारलं, निदान 'कुंकू येथे' असं लिहूया. ते म्हणाले, सांगावं लागलं तर आपलं चुकलं.

आराखडा पेटीत त्यांनी स्वतः घातला. अख्खं डिझाइन खातं मागे उभं होतं. पेटीने दोन वेळा शिट्टी मारली. एकदा आकड्यांची उंची कोपराच्या हिशेबात बसली नाही म्हणून, एकदा 'चुकून हात लागला तर काय होईल' हे रिकामं राहिलं म्हणून. साहेबांनी दोन्ही वेळा मान तुकवून दुरुस्ती केली, जणू वडिलांसमोर उभे आहेत. तिसऱ्यांदा पडद्यावर आलं: ठेवलं. सुलभाताईंनी डब्यातला लाडू काढून कॉम्प्युटरच्या उघड्या अंगावर ठेवायला हात पुढे केला, आणि साहेब ओरडले की आत करंट आहे.

आठव्या दिवशी पॅनेल टेम्पोने त्या कारखान्यात गेलं. बरोबर साहेब, मी, शेठ आणि मॅनेजर. मॅनेजरांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती तीन भाषांतली पाटी होती, खिळ्यांसकट. उपाय फसला तर लगेच ठोकायची तयारी. साहेबांनी मुख्य इंजिनिअरना एकच अट घातली. बाळारामला कोणीही काहीही सांगायचं नाही. नवं पॅनेल आलंय, तुमच्या पद्धतीने त्याची पूजा करा, एवढंच सांगा. इंजिनिअर म्हणाले, आणि त्याने पुन्हा लाल बटणालाच हार घातला तर? साहेब म्हणाले, तर मी उद्यापासून स्टोअरमध्ये.

बाळारामदादा आला. पायात नव्या चपला. त्याने एवढे साहेब लोक रांगेत उभे पाहिले आणि आपल्याला काढून टाकतायत असं त्याला वाटलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला होता. फडक्याने पॅनेल पुसलं. ताटातला हार उचलला. आणि त्याचा हात सरळ लाल बटणाकडे गेला.

शेठनी डोळे मिटले. मॅनेजरांच्या काखेतल्या वर्तमानपत्राचा आवाज झाला. मी साहेबांकडे पाहिलं. ते बाळारामच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या कोपराकडे बघत होते.

बाळारामचा हात बटणाशी थांबला. त्याने हार मागे घेतला, एक पाऊल मागे सरकला, आणि नवीन घराकडे बघावं तसं पॅनेलकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग टाचा उंचावून हाराचं एक टोक डाव्या आकड्याला घातलं, दुसरं उजव्या. हार कपाळावर मुंडावळीसारखा बसला. बोट कुंकवात बुडवून त्याने बरोबर मधल्या कोऱ्या पट्टीवर टेकवलं. हात जोडले. इंजिनिअरनी पुढे होऊन लाल बटण दाबलं, ते गपकन आत गेलं.

सातही पॅनेलं त्यांनी घेतली, सगळ्यांना कपाळ काढून. पेटी बंद झाली नाही. साहेब निवृत्त होईपर्यंत शिट्ट्या चालू होत्या, आणि शेवटी शेठनी पत्रं टाईप करायला दुसरा कॉम्प्युटर घेतला. मॅनेजर वर्षभराने दुसरीकडे गेले. पण हे सगळं नंतरचं.  त्या दिवशी त्या शेडमध्ये मुख्य इंजिनिअरनी, जरा दरडावूनच, बाळारामला विचारलं की अरे, नवमीला तुला एवढ्या मोठ्या पॅनेलवर नेमकं धोक्याचंच बटण कसं सापडलं. बाळारामने साहेबांकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, मॅनेजरांच्या टायकडे पाहिलं, आणि तो एकदम मोठ्याने बोलून गेला, "आवो सायब, तुमी देवाला बसाला जागाच नव्हती ठेवली, मंग तो बटनाव नाय बसणार त जाईल कुठं?"